पिल्लं गेल्यापासून पोरगा रडतोय, परत फॉस्टर करायचं का?

"मॅडम, सगळे म्हणतात लहान मुलं असतील तर फॉस्टर करूच नका, मुलांना लळा लागतो आणि मग त्रास होतो, खरंय का?" हा प्रश्न पालक मला बऱ्याचदा विचारतात (फॉस्टर म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत पिल्लं आपल्याकडे सांभाळणं), म्हणून एका घराचं सांगते (त्यांना विचारूनच, ओळख लपवून).

पुण्यातलं घर, आई-बाबा, आजी आणि चौथीतला मुलगा. पावसाळ्यात पार्किंगमध्ये मांजराची तीन पिल्लं सापडली, त्यांची आई काही परत आली नाही, मग रेस्क्यू करणाऱ्या एका ताईने विचारलं की घरं मिळेपर्यंत सांभाळाल का, आणि यांनी हो म्हटलं. लगेच बारसं पण झालं, नावं पिठलं, भाकरी आणि ठेचा! आजीने मायेने गाईचं दूध पाजलं तर पिल्लांना जुलाब लागले, मग डॉक्टरांनी दूध बंद करून पिल्लांचं ओलं फूड सुरू करायला सांगितलं. मुलगा शाळेतून आला की दप्तर फेकून आधी पिल्लांच्या शी-शूचा लिटर ट्रे साफ करायचा, जेवलेलं ताट कधी उचलत नाही तो, असं आईच म्हणाली.

दोन महिन्यांची झाली, पहिली लस झाली, अडॉप्शन झालं, पिल्लं गेली. आणि हा रडतोय, जेवत नाही, रात्री आईला सोडत नाही.

मी विचारलं, पिल्लं गेली तेव्हा तो कुठे होता? तर शाळेत. मुद्दामच ती वेळ ठरवली, समोर नेली तर रडेल म्हणून. वर सांगितलं काय, तर त्यांची आई येऊन घेऊन गेली.

मुलाशी एकट्याशी बोलले तर तो म्हणतो, "मांजर पाचव्या मजल्यावर येऊन तीन पिल्लं कशी नेईल? आणि पिल्लं न्यायचं कॅरिअर पण नाहीये घरात. मेलीयेत ती, मला सांगत नाहीयेत."

म्हणजे पोरगा आठवडाभर मनात एकटाच सुतक पाळत होता. लळ्याचं रडू मुलं पचवतात हो, त्याला थोडे दिवस लागतात एवढंच, पण आपल्याशी खोटं बोलतायत हे कळल्यावर ती विचारायचंच बंद करतात आणि मग जे डोक्यात येईल ते खरं मानून बसतात. आईबाबांनी त्याच दिवशी खरं सांगितलं, सॉरी म्हटलं, नव्या घरून ठेचाचा व्हिडिओ मागवला. जेवण दोन दिवसांत सुरू झालं.

पुढच्या वेळी पिल्लू आणतानाच सांगितलं की हा पाहुणा आहे, लस झाली की जाणार. न्यायला आलेल्यांना प्रश्न यानेच विचारले, बाल्कनीला जाळी आहे का, नसबंदी करणार ना, गावाला गेलात तर कोण बघणार. पोचवायला स्वतः गेला, येताना गाडीत रडला आणि मग दोन वडापाव खाल्ले.

बाकी एक माझं स्पष्ट मत. मुलाला जबाबदारी कळावी म्हणून पिल्लू आणू नका. चार दिवसांनी शी-शू आईच काढणार असेल तर ते आणायच्या आधीच घरात बोलून घ्या, नाहीतर राग मुक्या जीवावर निघतो. अगदी तान्ही पिल्लं तर घेऊच नका, त्यांना दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्री पण. ओरखडा किंवा चावा बसला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे, ओरडा बसेल म्हणून मुलं लपवतात, त्यामुळे ओरडणार नाही हे आधीच सांगून ठेवा.

आणि घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर सध्या थांबा. रडणं दोन-तीन आठवड्यांनंतरही कमी होत नसेल, शाळेत जायला नको म्हणत असेल, तर मुलाला घेऊन या, अशा वेळी बहुतेकदा पिल्लापेक्षा वेगळंच काहीतरी निघतं.