बडोदा जिल्ह्यातल्या करजणजवळच्या आमच्या बीटी कपाशीची बोंडे बाहेरून धड, पण आतून किडकी का निघतात?

डागाळलेली रुई आणि पोखरलेली सरकी पाहता ही गुलाबी बोंडअळीच आहे. अळी कोवळ्या बोंडात शिरल्यावर तिचे छिद्र बुजते, म्हणून बोंड फोडेपर्यंत काही कळत नाही. बीटी म्हणजे बोंडअळ्यांना मारणारे जिवाणूचे जनुक घातलेली कपाशी; तिला भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली. पण पहिल्या बीटी जनुकाला या अळीने प्रतिकार मिळवल्याचे गुजरातेतच, अमरेली-भावनगरकडे, दिसले आणि पुढे दोन जनुकांचे वाणही तिला रोखेनासे झाले.

फुले लागताच डोमकळ्या शोधाव्यात: अळीने पाकळ्या आतून धाग्यांनी शिवलेल्या असल्याने फूल गुलाबकळीसारखे मिटलेले राहते, आणि ते उलगडले की आत अळी सापडते. अशी फुले तोडून नष्ट करावीत. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात दर रात्री आठ पतंग आले तर फवारणी करावी. मावा-तुडतुड्यांना सुरुवातीस निंबोळी अर्क पुरतो.

बडोद्यात राहून शेती पाहणारे आपल्यातले अनेकजण पाणी आहे म्हणून फरदड घेतात, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक पुढे राखतात. मला हीच सर्वांत घातक सवय वाटते, कारण अळीला त्यामुळे उन्हाळ्यापर्यंत अन्न मिळत राहते. डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे आणि पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) बांधावर रचून ठेवू नयेत.