टाके निघाले, आता पुढे?

(प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात परिचारिका म्हणून नोकरी केलेल्या आणि आता फोंड्याला राहणाऱ्या आमच्या सिस्टर या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरे देतात. या वेळची तीन पत्रे अंगाची ठेवण सुधारण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियांच्या व्रणांविषयी आहेत.)

प्रश्न : सिस्टर, माझं वय ३९. दोन सिझेरियननंतर पोटाची कातडी लोंबू लागली, म्हणून दोन महिन्यांपूर्वी टमी टक करून घेतलं. नवरा सोडला तर घरात कोणालाच खरं ठाऊक नाही, हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलंय. व्रण कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आहे. पंधरा दिवसांचा होता तेव्हा नुसती बारीक रेघ होती. आता तो लाल आणि टणक झालाय, रात्री खाज सुटते. उजव्या टोकाला उंचवटाही आलाय. सासूबाई हळद घालून कोमट केलेलं खोबरेल लावायला देतात आणि ‘पू धरेल’ म्हणून त्यांनी मासे, अंडी, वांगं सगळं बंद केलंय. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली. माझा व्रण बिघडतोय का? (डिचोली)

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी बिघडत नाहीये. कापलेली जागा सांधायला शरीर घाईघाईने कोलॅजन, म्हणजे कातडी सांधणारं प्रथिन, तयार करतं, ते वेडंवाकडं रचलं जातं, आणि त्याला रक्त पुरवायला नव्या बारीक रक्तवाहिन्या येतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात व्रण सगळ्यात लाल आणि टणक दिसतो. पुढे वर्ष-दीड वर्ष शरीर तेच कोलॅजन नीट लावत बसतं, आणि व्रण हळूहळू फिका, मऊ, सपाट होत जातो. दोन महिन्यांच्या व्रणाकडे बघून आयुष्यभराचा निकाल लावू नका. खाजही या काळात येतेच. नखं लावू नका. फार छळत असेल तर डॉक्टरांना विचारून खाजेची गोळी घ्या.

टोकाचा उंचवटा बोटाने दाबून बघा. मऊ असेल आणि रंग बाजूच्या कातडीसारखाच असेल, तर ती टोकाला साठलेली जास्तीची कातडी आहे. ती काही महिन्यांत थोडी बसते. नाही बसली, तर वर्षभराने तेवढीच जागा बधिर करून छोट्या शस्त्रक्रियेने काढता येते. लाल, टणक आणि वाढता असेल तर मात्र सर्जनना लवकर दाखवा.

आता करायचं काय ते. जखम पूर्ण मिटली असेल, कुठेही खपली किंवा ओल नसेल, आणि सर्जनची हरकत नसेल, तर दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटं मालिश करा. बोट नुसतं वरून घासायचं नाही. व्रणावर दाबून खालची कातडी हलली पाहिजे, एवढा दाब हवा. त्याच्या जोडीला व्रणावर लावायचं सिलिकॉन, ते पट्टी किंवा जेल अशा रूपात मिळतं. पट्टी असेल तर दिवसातले निदान बारा तास, असे तीन महिने. सुरुवात चार तासांनी करून वाढवत न्या. पट्टी रोज सौम्य साबणाने धुऊन, वाळवून पुन्हा लावता येते. आपल्याकडे पावसात पट्टीखाली घाम साचतो आणि पुरळ उठतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी बहुतेकांना जेलच सांगते. दोनदा, अगदी पातळ थर, आणि तो वाळल्यावरच कपडा. ‘व्रण गायब’ करण्याचं आश्वासन देणाऱ्या महागड्या क्रीमवर पैसे घालू नका. व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून चोळण्याचाही ठोस फायदा दिसलेला नाही, काहींना तर त्याने पुरळ येतं.

खोबरेल चालेल. मालिशीला बोट सरकायला ते उत्तमच आहे, फक्त सिलिकॉन लावण्याआधी पुसून टाका, नाहीतर पट्टी चिकटायची नाही. हळद नको. नव्या कातडीला ती झोंबू शकते, आणि तिच्या पिवळेपणात लाली वाढली का हेही कळत नाही. तेल कोमट करताना मात्र सांभाळा! टमी टकनंतर बेंबीखालची कातडी कित्येक महिने बधिर असते. किती गरम आहे ते तिला कळतच नाही. गरम पाण्याच्या पिशवीने पोट भाजून घेतलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना ते फोड आल्यावरच समजलं. पिशवी नकोच. तेलही साधंच लावा.

पथ्याचं सासूबाईंना माझं नाव घेऊन सांगा. जखम भरते ती प्रथिनांवर. ॲलर्जी नसेल तर बांगडा, अंडं, डाळ सगळं खा, वांग्यानेही पू होत नाही. श्रावणात तुमच्याकडे मासळी बंद असेल तर अळसांद्यांचं तोंडाक (चवळीची रस्सा भाजी), मूग, पनीर आणि दूध रोज पोटात जाऊ दे. सोबत पेरू, आवळा.

आणि आता लपवण्याविषयी. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. वॉर्डात मी हे पुन्हापुन्हा पाहिलं. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली बाई घरी गेली की शेजारीण पाणी भरून देते. पोट किंवा स्तनांची ठेवण सुधारून घेतलेली बाई मात्र चौथ्या दिवशी बादली उचलते, कारण तिने कोणाला सांगितलेलं नसतं, किंवा ‘हौसेचं दुखणं’ म्हणून कोणी टोमणा मारील याची धास्ती असते. मग व्रण ताणला जातो आणि रुंद होतो. कापलेल्या कातडीत तीन महिन्यांनी मूळच्या साधारण ८० टक्के ताकद येते, तुमचे अजून तेवढे महिनेही झालेले नाहीत. चवथीला गणपतीच्या वर फळं-पानांची माटोळी बांधायला दोन्ही हात वर करून ताणू नका. पाण्याची घागर आणि नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) पिठाचा डबा दुसऱ्यांना उचलू द्या. फुगडी या वर्षी बसून बघायची.

घरात काय सांगायचं? टमी टकमध्ये बाळंतपणात फाकलेले पोटाचे स्नायूही बहुधा शिवतात. तुमच्या डिस्चार्जच्या कागदावर तसं लिहिलंय का बघा. असेल तर सासूबाईंना एवढंच सांगा : ‘पोटाचे स्नायू शिवले आहेत, डॉक्टरांनी अजून वजन उचलायला मनाई केली आहे.’ यात एक अक्षरही खोटं नाही. बाकीचं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण कोणी काय म्हणेल म्हणून पोटाला ताण देऊ नका. स्वतःच्या शरीरासाठी काही केलंत यात लाजण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

पोट आवळून धरणारा पट्टा अजून वापरत असाल तर दोन ठेवा. पावसात एक वाळत नाही, आणि दमट पट्ट्याखाली गजकर्ण हमखास धरतं. व्रण उसवला, पू आला, लाली पसरत चालली, ताप आला किंवा पोटात पाणी हलल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी सर्जनकडे जा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली, तर वाट बघू नका, थेट १०८ ला फोन करा.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. मुलींसारखी छाती दिसते म्हणून चिडवायचे, गेल्याच महिन्यात गायनेकोमॅस्टियाची शस्त्रक्रिया केली. स्तनाग्राच्या खालच्या कडेला अर्धगोल व्रण आहे, एका बाजूला अजून खपली आहे. शाळेत असताना खांद्याला फोड येऊन गेला, त्या जागी गाठ झाली आणि ती फोडापेक्षा मोठी वाढली. इथेही तसंच होईल का? आजी म्हणते, समुद्राच्या खाऱ्या पाण्याने जखम लवकर सुकते. जिम कधी सुरू करू? (म्हापसा)

उत्तर : बाळा, खांद्याच्या गाठीचं लिहिलंस ते फार बरं केलंस. शस्त्रक्रियेआधी सर्जनना सांगितलं नसशील तर आता आधी ते सांग. मूळ जखमेची हद्द ओलांडून वाढते ती केलॉइड. नुसता जाड झालेला व्रण आपल्या रेघेतच राहतो आणि पुढे बहुधा बसतो. केलॉइड आपणहून बसत नाही. छातीचा मधला भाग, खांदे आणि कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीत तो जास्त होतो. स्तनाग्राच्या कडेचा व्रण सहसा चांगला भरतो, म्हणून आताच घाबरून जाऊ नकोस. पण खपली आपणहून पडली आणि जागा मिटली की सिलिकॉन सुरू कर, आणि दर महिन्याला एकाच उजेडात, एकाच अंतरावरून फोटो काढून ठेव. व्रण रेघेबाहेर सरकायला लागला, दुखायला लागला तर लगेच दाखव. सुरुवातीलाच ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं दर चार-सहा आठवड्यांनी त्यातच दिली तर तो पुष्कळदा दबतो. त्याने कातडी पातळ किंवा पांढुरकी होऊ शकते, तेही आधी विचारून घे. मात्र ‘गाठ कापून टाकू, काम झालं’ असं कोणी म्हणालं तर हो म्हणू नकोस. नुसता कापलेला केलॉइड निम्म्याहून जास्त वेळा परत येतो. खाजगीत परवडत नसेल तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे.

आजीचं म्हणणं कुठून आलं ते मी समजू शकते. मे महिन्यात सांधेदुखीसाठी समुद्रात न्हायची आपली जुनी रीतच आहे. पण ती धडधाकट कातडीसाठी. उबदार समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यात असे जंतू असतात, की उघड्या जखमेतून शिरले तर जिवावर बेततं. खपली असेपर्यंत समुद्र, नदी, तलाव काही नको. नंतर गेलास तरी उघड्या छातीने उन्हात बसू नकोस. ताज्या व्रणाला ऊन लागलं की तो काळवंडतो आणि तो काळेपणा लवकर जात नाही. वर्षभर अंगात टीशर्ट, आणि तो काढायचाच असेल तर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, दर दोन तासांनी.

जिमचं म्हणशील तर आता चालणं पुष्कळ झालं. छातीचे व्यायाम सर्जननी तपासून हो म्हटल्यावरच, आणि बेंच प्रेस सगळ्यात शेवटी. सिगारेट ओढत असशील तर ती सोड. तंबाखूने कातडीचा रक्तपुरवठा आखडतो आणि जखम भरायला उशीर होतो.

प्रश्न : मांड्यांच्या लायपोसक्शनला (नळीने चरबी ओढून काढण्याला) पाच महिने झाले. नळी घातली त्या जागी छोटे काळे ठिपके राहिलेत. डिसेंबरात लग्न आहे. औषधाच्या दुकानातून गोरेपणाची ट्यूब आणली, लावू का? किंवा वर टॅटू काढून घेऊ? (काणकोण)

उत्तर : ट्यूब लावू नकोस. दुकानात अशा बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार आठवडे डाग उजळल्यासारखा वाटतो, मग कातडी पातळ होते आणि सोडल्यावर डाग परत गडद होतो. हे ठिपके आपणहून फिके होतात, पण त्याला वर्ष लागू शकतं. घाई असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखव, ते तुझ्या कातडीला मानवेल असं औषध देतील. लेझर लग्नाच्या तोंडावर अजिबात नको, सावळ्या कातडीवर त्याने उलट काळेपणा वाढू शकतो. टॅटूचा विचार वर्ष उलटून डाग पूर्ण स्थिरावल्यावर कर, आणि घरात कोणाला केलॉइड असेल तर करूच नकोस. लग्नात साडीखाली मांड्या कोणाला दिसणार नाहीत, आणि मधुचंद्रासाठी काळजी वाटत असेल तर डाग झाकायचं वॉटरप्रूफ कन्सीलर मिळतं. आधी आठवडाभर एका ठिपक्यावर लावून बघ.