पडून राहिलेलं आउटबोर्ड: दोरी ओढण्याआधी पाण्याचं बघा

गोव्यात शिवोलीला काकांच्या पडवीत सहा-सात वर्षं टांगून ठेवलेलं ८ एचपीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायची मोटर, पुन्हा चालेल का, आणि नवं पेट्रोल घालून दोरी ओढून बघायला हरकत आहे का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, बहुतेक. दोरी मात्र आज ओढू नका.

अशी मोटर सुरू होणं फारसं कठीण नसतं. सुरू झाली की घरचे सगळे खूश, आणि तेवढ्यात तिला थंड ठेवणारं पाणी आत चढत नसल्यामुळे ती तापून जाम होते. खाऱ्या पाण्यातली मोटर बहुतेक वेळा अशीच मरते.

आधी दोन्ही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल घाला आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील घड्याळाच्या दिशेने हातानेच हळू फिरवा. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा ऑइल घालून थांबा. मोकळं फिरलं तर एखाद्या मेकॅनिककडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. दोन सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एक फारच खाली असेल तर पुढचे पैसे वाचवा. काकांना एवढंही विचारा की मोटर पेट्रोलची की रॉकेलची. रॉकेलवाल्या मोटरी सुरू पेट्रोलवर होतात आणि त्यांचं कॉम्प्रेशन मुळातच कमी असतं.

आता पाणी. खालच्या गिअरच्या भागावर पाण्याचा पंप असतो, त्यात रबरी पात्यांचा इम्पेलर. एवढी वर्षं एकाच जागी दबून राहिल्याने पाती वाकडी आणि कडक होतात. वरून बरा दिसला तरी नवाच घाला. त्यासाठी खालचा भाग उतरवावा लागतो आणि खरी परीक्षा तिथे आहे: स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये मिठाने धरून बसलेले असतात. पाना लावून झटका दिला की डोकं तुटून हातात येतं. गंज सोडवणारं तेल मारून दोन-तीन दिवस द्या, पेट्रोलची टाकी आणि नळी दूर ठेवून भोवतालचं ॲल्युमिनियम गरम करा, मग बोल्ट थोडा घट्ट, थोडा सैल असा खेळवत काढा. बसवताना प्रत्येक बोल्टला मरीन ग्रीस हवंच. जुन्या इम्पेलरचं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, तो वर पाण्याच्या वाटेत अडकतो. थर्मोस्टॅटही (पाणी तापलं की उघडणारी झडप) काढून मीठ साफ करा आणि चुलीवर पाण्यात टाकून बघा. पाणी उकळण्याच्या बरंच आधी तो उघडला पाहिजे.

खालचा भाग हातात आहेच तर गिअर ऑइल बदला. जुनं दुधाळ निघालं तर पाणी अडवणारं सील गेलंय. प्रोपेलरच्या मागे तंगूस (मासे धरायची नायलॉनची दोरी) गुंडाळलेली सापडली तर सील कापणारी तीच.

पेट्रोलचं थोडक्यात. टाकीतलं जुनं फेकायचं, कार्बोरेटर उघडून जेट (पेट्रोलची बारीक भोकं) साफ करायचे, नळी, रबरी फुगा आणि मोटरमधल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम (पातळ पडदा) नवे घालायचे. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते जुनं रबर खातं आणि आमच्या पावसाळ्यात हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून पेट्रोल लागेल तेवढंच आणा. ऑइल टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं, स्कूटरचं नको. प्रमाण मोटरच्या पुस्तकात बघा. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली. सुरू होत नाही म्हणून कोणी स्टार्टिंग स्प्रे मारू लागला तर त्याचा हात धरा. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, स्प्रेवर ती कोरडी फिरते.

स्पार्क येत नसेल तर आधी बंद करायच्या स्विचची लाल दोरीवाली क्लिप जागेवर आहे का बघा. निम्म्या वेळा तीच नसते.

मग प्रोपेलर काढून मोटर पाण्याने भरलेल्या मोठ्या ड्रमला लावा, उघड्यावर. प्रोपेलरच्या वरची आडवी प्लेट पाण्यात पूर्ण बुडाली पाहिजे. सुरू झाल्यावर मागच्या छोट्या भोकातून पाण्याची धार काही सेकंदांत यायला हवी. नाही आली तर लगेच बंद करा आणि भोकात बारीक तार घालून बघा.

पहिली फेरी शापोरा नदीत भरती चढत असताना, शिवोलीहून वरच्या बाजूला मारा. ओहोटीत मोटर बंद पडली तर पाणी तुम्हाला मुखाकडे नेईल. वल्ही आणि नांगर बरोबर हवेतच. परत आल्यावर ड्रममध्ये गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवा, आणि शेवटी पेट्रोलची नळी काढून मोटर आपोआप बंद पडू द्या, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होईल.