खाण चालवली त्याने, कागद तुमच्या नावाचा

सातारा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचं पत्र आहे. 2020 मध्ये त्यांनी आपल्या माळावर स्वतःच्या नावाने पाच वर्षांचा दगडखाणपट्टा घेतला आणि पाचशेच्या स्टॅम्पवर कुलमुखत्यारपत्र नोटरी करून खाण एका क्रशरवाल्याच्या हाती दिली. मुदत संपली, तो यंत्रं उचलून गेला. मागे राहिला चाळीस फूट खोल, पाण्याने भरलेला खड्डा. ईटीएस मोजणीत (इलेक्ट्रॉनिक यंत्राने केलेल्या मोजणीत) जादा उत्खनन निघालं म्हणून तहसीलदारांचा दंडाचा आदेश आला आहे. शिवाय जमीन पूर्ववत करा अशी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेची नोटीस आहे. ते विचारतात, "क्रशरवाल्यावर केस करता येईल का?" या धर्तीची पत्रं माझ्याकडे सतत येतात.

केस करता येईल, पण आज तो प्रश्नच नाही. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडकलो. नोटिशीच्या खुलाशात तुम्ही लिहून दिलंत, "खाण मी चालवलीच नाही, दुसऱ्याला दिली होती." कुणाला न विचारता हे का लिहिलंत? पट्ट्याचा करारनामा उघडा. मंजुरीशिवाय पट्टा दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, अशी अट त्यात असतेच. म्हणजे सुटायला गेलात आणि अटभंगाची कबुली सहीनिशी देऊन आलात. अपिलात हे वाक्य पुन्हा येता कामा नये. तो तुमचा मुखत्यार होता, तुमच्या वतीने काम पाहत होता, एवढंच म्हणा. मुखत्यारपत्राने अधिकार दिला जातो, पट्टा हस्तांतरित होत नाही. कागदावर खाणवाले तुम्हीच होता आणि आहात. हे एकदा मान्य केलंत की पुढचं सगळं सरळ होतं.

आता दिवस मोजा. आदेश हाती येऊन 44 दिवस झाले, असं तुम्ही लिहिता. तहसीलदारांच्या आदेशावर प्रांताधिकाऱ्यांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 247 खाली अपील होतं आणि त्याला मुदत 60 दिवसांची. राहिले 16, आणि तेही तुम्ही पत्र लिहिलंत त्या दिवशी. उशीर माफीसाठी कलम 251 आहे, पण "क्रशरवाला बघतो म्हणाला" हे कारण मी स्वतः कुणापुढे मांडणार नाही. अपिलाबरोबर त्याच दिवशी कलम 256 खाली स्थगितीचा अर्ज द्या. प्रांत कार्यालयात तारखेवर तारीख पडते, सहा-सहा महिने साधी सुनावणी होत नाही. दंड मात्र जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. स्थगिती नसेल तर अपील पडून राहील आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढेल.

अपिलात भांडायला जागा आहे. त्याच संहितेच्या कलम 48(7) मध्ये बेकायदा उत्खननाचा दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत आहे, पाचपटच लावा असं नाही. थेट पाचपट लावली असेल तर आदेशात कारण हवं. मोजणीच्या वेळी तुम्हाला नोटीस होती का? पट्टा देताना जागेची सुरुवातीची मोजणी झाली होती का? ती नसेल तर जुना खड्डा किती आणि पाच वर्षांतला किती, हे कशावरून ठरवलं? वरची माती आणि मुरूम दगडात धरलेत का? घनमीटरचे ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) करताना 2.83 ने भागलंय का, तेही पाहा. यातलं किती टिकेल हे पंचनामा आणि मोजणीचा नकाशा पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. दोन्हींच्या नकला उद्याच मागा.

जमीन पूर्ववत करण्याबाबत मात्र वादाला जागा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2020 ला आदेश दिला, की खाणकाम थांबल्यावर पट्टेदाराने ती जागा, आणि खाणीमुळे बिघडलेली आजूबाजूची जागाही, पुन्हा गवताखाली आणायची, चारा आणि झाडझाडोरा वाढेल अशी करायची. त्यानंतर खाणीसाठी घ्याव्या लागणाऱ्या पर्यावरण मंजुरीत ही अट येऊ लागली. मंजुरी रीतसर हस्तांतरित करता येते, पण त्यासाठी मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाकडे अर्ज लागतो. तो तुम्ही केलेला नाही, म्हणून अट तुमच्याच अंगावर. 1 जून आणि 1 डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल पाठवायचा असतो, तो एकदाही गेलेला दिसत नाही. अटभंगाला पर्यावरण संरक्षण कायद्यात आता 10 हजार ते 15 लाखांपर्यंत दंड आहे.

खड्डा शेततळं म्हणून ठेवू का, हेही तुम्ही विचारलंय. अट गवताची आहे, पाण्याची नाही. खाणीच्या मंजूर आराखड्यात तशी सोय असेल किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी मान्यता दिली तर शक्य आहे, तोंडी होकारावर अजिबात नाही. भरणीसाठी राडारोड्याचे डंपर आत घेऊ नका, त्यातून कचरा आला की तिसरी नोटीस येईल. आणि यातलं काहीही होण्याआधी, याच आठवड्यात, खड्ड्याभोवती तारेचं कुंपण घाला. पोहायला उतरलेलं एखादं पोर बुडालं तर प्रश्न दंडाचा राहणार नाही.

आता क्रशरवाला. ज्या मुखत्यारपत्राने तुम्हाला गोत्यात आणलं, तेच इथे उपयोगी आहे. करार कायद्याच्या कलम 213 प्रमाणे मुखत्याराला मागितल्यावर हिशेब द्यावाच लागतो. किती ब्रास काढले, किती वाहतूक पास फाडले, किती स्वामित्वधन (रॉयल्टी) भरलं, हे सगळं वकिलामार्फत स्पीड पोस्टाने मागा. त्याने बँकेतून दिलेल्या पैशांचे उतारे काढून ठेवा, रोखीचं सिद्ध करणं अवघड जाईल. दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत मिळते, पण ती कोणत्या तारखेपासून धरायची हे मुखत्यारपत्राच्या मजकुरावर ठरेल. निकालाला किती वर्षं लागतील ते मी सांगत नाही, तुमच्या गावातही दिवाणी दावे चाललेले तुम्ही पाहिले असतील.

पत्रासोबत तुम्ही सातबारा, आदेश आणि मुखत्यारपत्राच्या नकला पाठवल्यात. पर्यावरण मंजुरीचं पत्र त्यात नाही. ते क्रशरवाल्याच्या फायलीत असेल तर त्याच्या मागे न फिरता खनिकर्म शाखेत नकलेचा अर्ज द्या आणि पोच घ्या.