पुढचे शॉकअप घरी बदलायचेत? बदल, पण स्प्रिंग कोल्हापूरच्या उद्यमनगरात ने

भावा, तुझं म्हणणं असं की गाडी 2014ची हॅचबॅक, 90 हजार किलोमीटर पळालेली. खड्ड्यातनं गेलं की पुढून डावीकडनं खडखड येते, गॅरेजवाल्यानं दोन्ही शॉकअप गेले म्हणून सांगितलंय आणि तुला ते रविवारी दारातच बदलायचेत. बदलता येतील. मी माझ्या जुन्या मारुतीचे बदललेत, मेहुण्याच्या गाडीचेही बदललेत. पण सामान आणायच्या आधी अर्धा तास गाडीखाली घाल.

कारण खडखड म्हणजे शॉकअपच असं नसतं. आपल्याकडं उसाचा सीझन सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्याची चाळण करतात आणि त्या रस्त्यावर पहिल्यांदा बहुतेक स्टॅबिलायझर लिंक जाते, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांडीला शॉकअपशी जोडणारी छोटी सळई. शॉकअपच्या तुलनेत ती किरकोळ वस्तू. गाडी सपाटीला उभी करून लिंक हातानं धर आणि जोरात हलव. बॉल जॉइंट टकटक करायला लागला तर तुझा अर्धा आजार तिथंच सापडला. मग बॉनेट उघड, कुणाला तरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवायला सांग आणि तू स्प्रिंगवर नुसती बोटं टेकव. स्प्रिंग अडखळून 'टंग' करून उडी मारत असेल तर शॉकअपला वर बॉडीशी जोडणारं माउंट किंवा त्यातलं बेअरिंग गेलंय. शॉकअप गेल्याची खूण वेगळी असते. नळीवर तेलाचा ओघळ आणि त्याला चिकटलेली माती दिसते, टायरवर हात फिरवला की ठिकठिकाणी खोलगट चट्टे लागतात, स्पीडब्रेकर उतरल्यावर गाडी डुलत राहते. बॉनेट दाबून सोडायची आणि किती वेळा हलते ते मोजायचं, यावर मात्र फार विसंबू नको. त्यात पार मेलेला शॉकअप तेवढा सापडतो, अर्धमेला पास होतो.

आता ही वस्तू काय आहे ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. मागच्या बाजूचा साधा शॉकअप फक्त उसळी जिरवतो. तो काढला तरी चाक जागेवर राहतं. पुढं असतो तो मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन नावाच्या इंजिनिअरची ही रचना, 1950च्या फोर्ड कॉन्सलपासून रुळली आणि आज आपल्या जवळपास सगळ्या लहान गाड्यांत तीच आहे. यात शॉकअपच चाकाचा वरचा आधार असतो. म्हणून तो सुटला की नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग, बाहेर कलंडतो, आणि म्हणूनच काम झाल्यावर अलाइनमेंट चुकवता येत नाही.

खरा धोका स्प्रिंगचा. लहान गाडीच्या पुढच्या एका चाकावर अडीचशे-तीनशे किलोचा भार असतो आणि तो ही स्प्रिंग पेलते. गाडी जॅकवर उचलली, चाक लोंबायला लागलं, तरी ती पूर्ण मोकळी होत नाही. वरचं माउंट आणि खालची वाटी यांच्यामध्ये ती दाबलेलीच असते आणि तिला धरून ठेवतो तो रॉडच्या डोक्यावरचा एक नट. तो सोडलास तर माउंट तोंडावर येईल, भावा. हसण्यावारी नेऊ नको. आपल्या बाजारात बहुतेक नुसता शॉकअप मिळतो, स्प्रिंगसकट जोडलेला क्वचितच, त्यामुळं स्प्रिंग काढून नव्यावर चढवावीच लागते. स्प्रिंग दाबून धरायला दोन हुकांचा, हातानं आवळायचा कॉम्प्रेसर मिळतो, मीही आणला होता. एक हूक स्प्रिंगवर सरकला तेव्हा माझा हात तिथं नव्हता, एवढंच नशीब. तेव्हापासून अख्खा स्ट्रट काढतो, स्कूटरवर टाकतो आणि उद्यमनगरात नेतो. तिथं प्रेसवर दाबून दहा मिनिटांत जुन्यातनं काढून नव्यात घालून देतात. पिढ्यान् पिढ्या ऑइल इंजिनं घडवलेल्या गल्ल्या आहेत त्या, आपण कशाला अंगणात मर्दुमकी दाखवायची?

तर घरी करायचं काम एवढंच: स्ट्रट काढणं आणि बसवणं. आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर डब्ल्यूडी-40 मारून ठेव. गाडी फरशीवर घे, मातीत जॅक रुततो. हँडब्रेक ओढ, मागच्या चाकांना पुढूनमागून दगड लाव, चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल कर. उचलल्यावर जॅक स्टँड हवाच, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. काढलेलं चाक सिलखाली, म्हणजे दाराखालच्या बॉडीच्या कडेखाली, आडवं सरकवून ठेव. स्टँड घसरलाच तर गाडी त्याच्यावर बसेल, तुझ्यावर नाही.

ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर स्ट्रटच्या पट्टीवरनं सोडव. लिंकचा नट काढ. तो बॉलसकट गरगर फिरायला लागला तर मधल्या खोबणीत अॅलन की धरून फिरव. मग नकलचे दोन मोठे बोल्ट. काढायच्या आधी त्यांच्या डोक्याभोवती नेलपॉलिशनं खूण कर, म्हणजे कॅम्बर, चाकाचा आत-बाहेरचा कल, निदान जुन्या जागेच्या आसपास राहील. शेवटी बॉनेटखालचे, माउंट बॉडीला धरणारे नट. बऱ्याच गाड्यांत ते कडेला दोन-तीन असतात आणि मधला मोठा नट स्प्रिंगचा. काही गाड्यांत रचना वेगळी असते, म्हणून आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघितल्याशिवाय वर पाना लावू नको. शेवटचा नट काढताना खालून कुणीतरी स्ट्रट धरलेला हवा.

इथंच मी पहिल्यांदा आपटी खाल्ली. बोल्ट निघाले या आनंदात नकल तसाच सोडला. तो बाहेर कलंडला आणि चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट रबरी बूटमधल्या बूटमध्येच निसटला. रविवार गेला, सोमवारची रजाही गेली, ग्रीसनं माखलेला बनियन बायकोनं बादलीतसुद्धा घेतला नाही. म्हणून बोल्ट काढण्याआधीच नकल तारेनं बॉडीला बांध. ब्रेकच्या नळीवर ताण येत नाही ना, तेही बघ.

सामान जोडीनंच घे, एका बाजूचा नवा आणि दुसरा जुना चालवू नको. माउंट, बेअरिंग, बंप स्टॉपर आणि धूळ अडवणारा बूट त्याचबरोबर बदलून टाक. एवढं उघडल्यावर जुनं बेअरिंग परत घालणं म्हणजे पावसाळ्यात हेच काम पुन्हा करायची तयारी. नवा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, त्यामुळं त्यात हवा जागा सोडून बसते. उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण खाली-वर कर, मगच प्रेसवाल्याकडं दे. आणि तिथं उभा राहा. चकचकीत रॉड कुणी पक्कडीत धरला तर लगेच ओरड, त्यावर एक ओरखडा पडला की सील फाटतं आणि महिन्यात तेल गळतं. स्प्रिंगचं खालचं टोक वाटीतल्या पायरीला टेकलंय का, तेही तिथंच बघून घे.

बसवताना आधी वरचे नट हातानं लाव, मग खालचे बोल्ट खुणेवर आण, नकलचे नट जमलं तर नवे घाल. आवळायचं टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणं. दंडातला जोर हे माप नव्हे. दुसऱ्या बाजूचंही झालं की थेट अलाइनमेंटवाल्याकडं जा, तोवर पन्हाळा-बिन्हाळा काढू नको. शंभरेक किलोमीटर झाल्यावर सगळ्या नटांवर पुन्हा एकदा पाना फिरव. त्यानंतरही डावीकडं खडखड राहिलीच, तर आधी लिंकचा नट बघ, मग चाकाला खालून धरणाऱ्या आर्मचे रबरी बुश. आणि नव्या शॉकअपवर तेल दिसलं तर पुसू नको, आधी फोटो काढ, दुकानदाराला दाखवायला लागेल.