ईएमई (ब्राउझरमध्ये कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड व्हिडिओ चालवण्यासाठीची व्यवस्था) हे खुलं वेब मानक आहे, तर व्हिडिओसाठी गूगलचं बंदिस्त वाइडवाइन का लागतं?

कारण ईएमई स्वतः काहीच उलगडत नाही. संरक्षित व्हिडिओ आला की पान सीडीएम या डिक्रिप्शन घटकाकडून लायसन्सची विनंती तयार करून घेतं, सर्व्हरला पाठवतं आणि आलेलं उत्तर सीडीएमच्या हाती देतं. मानकात एवढीच देवाणघेवाण आहे. वाइडवाइन, प्लेरेडी, फेअरप्ले हे सीडीएम मानकाबाहेरचे, त्यांचा सोर्स कोडही बंद. ब्राउझरांना सक्तीची आहे फक्त ‘क्लिअर की’ ही साधी पद्धत, पण तिच्यात किल्ली पानाच्या कोडला उघड दिसते. व्यावसायिक सेवांना ती नकोच असते.

म्हणून नवा ब्राउझर लिहिणाऱ्याला मानक वाचून भागत नाही, सीडीएमच्या मालकाची परवानगी लागते. त्यात अमेरिकेच्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याचं कलम १२०१, जे असं डिजिटल कुलूप तोडायला मनाई करतं. सीडीएममधल्या त्रुटी शोधणाऱ्या संशोधकांवर त्याखाली खटले भरणार नाही, असं सदस्यांकडून लिहून घ्या, ही ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेची वेब मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीकडे मागणी होती. माझ्या मते अगदी रास्त. डब्ल्यूथ्रीसीने ती अट न घालताच सप्टेंबर २०१७ मध्ये मानक मंजूर केलं (बाजूने ५८.४ टक्के, विरोधात ३०.८) आणि ईएफएफने सदस्यत्व सोडलं.

सीडीएम नकोच असेल, तर फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली डीआरएमची (अशा कुलूपबंद मजकुराची) खूण काढा. साधे व्हिडिओ चालत राहतात, संरक्षित तेवढे अडतात.