माईकची आवक, पातळी आणि ‘आवाज कमी करा’

प्रश्न : पुण्यात बोलकी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आम्ही एका ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रामचा पडदा मराठीत आणत आहोत. ‘इनपुट लेव्हल मॉनिटरिंग’साठी ‘निविष्टी पातळी संनियंत्रण’ असा शब्द कुणी सुचवला; तो कुणालाच कळत नाही. शिवाय पातळी दाखवणारा मीटर लाल झाला की ‘आवाज कमी करा’ अशी सूचना येते, ती पाळूनही मुद्रण फाटतेच. शब्द चुकतोय की प्रोग्राम?

उत्तर : शब्दच चुकतोय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण नुकसान तिथे होते आहे.

फारसीतून आलेला ‘आवाज’ मराठीत तीन गोष्टींना पुरतो. गळ्यातून निघतो तो आवाज, कानावर पडतो तोही आवाज आणि तो किती मोठा आहे तेही आवाज. ‘आवाज कमी कर’ हे मुलाला म्हटले तर तो हळू बोलतो, टीव्हीसमोर बसलेल्याला म्हटले तर तो रिमोट उचलतो आणि मांडवातल्या माईकवाल्याला म्हटले तर तो बटण फिरवतो. समोर माणूस असला की संदर्भ कळतो. पडदा मात्र कुणाकडे बघून बोलतो ते कळत नाही. म्हणून तुमच्यातला एक वाचक हळू वाचू लागतो. वाचन मरगळते, पुढे मुद्रण मोठे करावे लागते आणि त्याबरोबर पंख्याची घरघरही मोठी होते. दुसरा हेडफोनचा आवाज कमी करतो. त्याने मीटर तसूभरही हलत नाही. तिसरा प्रोग्राममधली आवाजाची सरकती पट्टी खाली ओढतो. त्याला मीटर खाली गेलेला दिसतो, पण मुद्रण फाटलेलेच राहते.

या तिसऱ्याचे काय चुकते ते नीट पाहू. माईकमधून येणारा क्षीण विद्युतसंकेत आधी वाढवला जातो आणि मग त्याचे आकडे होतात. आकड्यांना वरची हद्द असते. संकेत त्या हद्दीपलीकडे गेला की लहरीचे टोक तिथेच सपाट कापले जाते. बहुतेक जोडण्यांत प्रोग्राममधली पट्टी आकडे झाल्यानंतर काम करते, त्यामुळे कापलेली लहर फक्त लहान होते, टोक परत येत नाही. उपाय आकडे होण्याआधी करायचा : माईक ज्या डबीला जोडला आहे तिच्यावरचे बटण फिरवायचे, नाहीतर माईकपासून थोडे मागे सरकायचे. म्हणून सूचना अशी हवी : ‘माईकचा गेन कमी करा. वाचन आहे तसेच चालू द्या.’ दुसरे वाक्य वगळू नका. ते नसले की माणूस आपोआप गळाच आवरतो.

इथे ‘गेन’, म्हणजे संकेत किती पट वाढवायचा ते, तसाच ठेवला आहे. ‘लाभ’ लिहिले तर व्यापाऱ्याची वही आठवेल. आणि डबीवर ‘गेन’ हेच कोरलेले असते. पडद्यावर वाचलेला शब्द बटणावर सापडला पाहिजे.

आता ‘निविष्टी’. हा शब्द मराठीत जिवंत आहे, पण शेतीत : बियाणे, खते, औषधे म्हणजे कृषी निविष्टा. ध्वनीसाठी त्याची गरज नाही, कारण त्याहून सोपा शब्द रोजच्या वर्तमानपत्रात आहे : आवक. मार्केट यार्डात कांद्याची आवक होते, कचेरीत आवक-जावक नोंदवही असते, पावसाळ्यात धरणात पाण्याची आवक वाढते. इनपुट म्हणजे आवक आणि आउटपुट म्हणजे जावक. जोडी आयती आहे आणि दोन्ही शब्द बटणावर मावतात.

धरणाचा उल्लेख सहज केलेला नाही. पातळीविषयी बोलायला मराठीने एक पूर्ण शब्दकुटुंब घडवले आहे आणि ते पाण्याचे आहे. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पुण्यात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. दोन पातळ्या, दोन वेगळे शब्द आणि मधल्या चार फुटांत तयारी करायची, हा विचार त्या शब्दांतच आहे. मीटरचा पिवळा आणि लाल भाग हेच सांगतो. मग तिथे ‘इशारा’ आणि ‘धोका’ लिहा. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही, त्यांना रंगाचा उपयोग नाही, शब्दाचा आहे. उपमेला एक मर्यादा आहे, ती सांगायला हवी : धरण काठोकाठ भरले की आनंद होतो, मीटर भरला की काम वाया जाते. म्हणून ‘भरले’, ‘पूर्ण’ असे शब्द मीटरजवळ नकोत.

आकड्यांचा गोंधळ याहून मोठा आहे. पुणेकराने डेसिबल वाचलेला असतो तो विसर्जन मिरवणुकीच्या बातमीत किंवा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत : निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. तो शून्यापासून वर चढतो. प्रोग्राममधला डेसिबल मात्र वरच्या हद्दीला शून्य मानून खाली मोजतो, त्यामुळे मीटरवर सगळे आकडे ‘उणे’ दिसतात. मराठीत ‘उणे’ म्हणजे वजा, तसेच ‘कमतरता’ही. ‘उणे १२’ पाहिले की नवख्याला वाटते काहीतरी कमी पडते आहे, आणि तो गेन वाढवतो. तिथे ‘काठाला १२ बाकी’ असे लिहून पाहा. आकडा तोच, पण आता तो शिल्लक सांगतो. ज्याला आपण हेडरूम म्हणतो ती हीच बाकी. दृष्टिहीन स्वयंसेवकाला पडदावाचकाने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रोग्रामने, ‘उणे बारा’ ऐवजी ‘बाकी बारा’ ऐकवले तर त्याचाही घोळ होणार नाही. सहा डेसिबल बाकी म्हणजे लहर हद्दीच्या निम्म्या उंचीवर, बारा म्हणजे पाव उंचीवर. पाव ऐकून घाबरू नका. २४ बिटांच्या, म्हणजे प्रत्येक आकडा फार बारकाईने नोंदवणाऱ्या, मुद्रणात तळाशी इतकी जागा असते की बारा डेसिबल सोडल्याने वाचनाचे काहीही बिघडत नाही.

‘मॉनिटरिंग’ला एकच प्रतिशब्द शोधू नये, कारण मुळात ती दोन कामे आहेत. एक, मुद्रण सुरू न करता मीटर हलताना पाहणे. दोन, माईकमधला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकणे. ‘देखरेख’ आणि ‘संनियंत्रण’ या दोन्हींत वरिष्ठ माणूस आणि त्याच्या हाताखालचे काम दिसते. इथे तसे काही नाही. पहिल्या बटणावर ‘पातळी पाहा’ लिहा. दुसऱ्यासाठी गायकांचा शब्द घ्या : ‘मला कानात द्या’. त्यावरून बटणावर ‘कानात ऐका’ लिहा. ही फारकत केली नाही तर पातळी पाहायला गेलेला माणूस चुकून ऐकणे सुरू करतो, आणि हेडफोन नसेल तर स्पीकर लगेच शिट्टी मारू लागतो. ‘कानात’ या शब्दात हेडफोन लावण्याची सूचना आपोआप येते. त्याच बटणाखाली, बोललेले कानात पोहोचायला होणाऱ्या उशिराचीही नोंद हवी. लहरीची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजली जाते, अशा प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात; त्या गतीला ५१२ नमुन्यांचा बफर, म्हणजे पुढे पाठवण्याआधी साठवलेला गठ्ठा, एका दिशेला सुमारे ११ मिलिसेकंद घेतो, जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट. एवढ्याने वाचक अडखळतो, म्हणून डबीवर थेट ऐकण्याची सोय असेल तर तीच वापरावी.

लहरीचे टोक कापले जाण्याला, म्हणजे ‘क्लिपिंग’ला, ‘छाटणी’ हा शब्द अर्थाने बरोबर असला तरी तो द्राक्षबागेतला आहे. माईकवाले म्हणतात ‘आवाज फाटतोय’, आणि ऐकणाराही तेच म्हणतो. पण फाटणे हा कानाचा अनुभव आहे. स्पीकर खराब असला तरी आवाज फाटतो. मीटरला फक्त एवढेच माहीत असते की टोक हद्दीला लागले. तेव्हा ‘पीक’ला, म्हणजे लहरीच्या सर्वांत उंच बिंदूला, ‘टोक’ आणि ते कापले की लागणाऱ्या दिव्याला ‘टोक कापले’ असे मी सुचवतो. पीकसाठी ‘कमाल’ नको : ‘कमाल तापमान’ म्हणजे गाठलेले आणि ‘कमाल मर्यादा’ म्हणजे परवानगी असलेले, आणि मीटरवर नेमका हाच फरक दाखवायचा असतो. काळही जपा. ‘कापले’ हा भूतकाळ आहे आणि दिवा क्लिक करेपर्यंत तसाच राहिला पाहिजे. काही मीटर सलग तीन नमुने हद्दीला लागले की दिवा लावतात. ४८,००० च्या गतीला तो सेकंदाचा सोळा हजारावा भाग झाला. पडदा सेकंदाला साधारण साठ वेळा रंगतो. दिवा धरून ठेवला नाही तर डोळ्याला काहीच दिसणार नाही.

टोकासोबत ‘सरासरी’ही दाखवावी, पण वेगळ्या जाडीच्या पट्टीने. १९३९ साली अमेरिकेत बेल लॅब्ज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून ठरवलेल्या, सरासरी पातळी दाखवणाऱ्या व्हीयू मीटरचा काटा पूर्ण उंची गाठायला ३०० मिलिसेकंद घेतो. तंबोऱ्याला तो पुरतो. ताशाच्या काडीचा ठोका मात्र काटा निम्म्यावर पोहोचायच्या आत संपलेला असतो. वाचनासाठी सरासरी साधारण उणे २० ते उणे १८ आणि टोके उणे १२ च्या आसपास ठेवावीत. अगदी मोठ्याने उच्चारलेल्या संवादाचे टोकही उणे ६ च्या खाली राहू द्यावे.

ही पातळी लावताना ‘हॅलो, एक, दोन, तीन’ म्हणून भागवू नका. त्यात पवर्गातला एकही वर्ण नाही, आणि माईकवर खरा फटका प, फ, ब, भ यांचाच बसतो : ओठ मिटून उघडताना हवेचा झोत निघतो, त्याने मीटर एकदम उडी मारतो. ‘पातळी पाहा’ दाबल्यावर वाचकाला नमुना म्हणून पडद्यावरच एक वाक्य द्या : ‘भल्या पहाटे फाटकापाशी भाऊ भेटला.’ ते त्याने पुस्तकातल्या सर्वांत तापलेल्या संवादाच्या सुरात दहा सेकंद म्हणावे. ‘काठाला बाकी’ बाराच्या आसपास स्थिरावेपर्यंत गेन फिरवावा. फक्त ‘भ’ला पट्टी इशाऱ्यात उडत असेल, तर गेनला हात न लावता माईक तोंडासमोरून थोडा बाजूला करावा.